घरटी एक लॉगिन

घरत रोडवेजच्या कॉम्प्युटरवर चौतीस जणांची नावं होती आणि त्यातला एक जण वारला होता. वारल्यालाही चार गणपती होऊन गेले, तरी त्याच्या नावाचं सॉफ्टवेअरचं लायसन्स दरवर्षी नव्याने भरलं जात होतं. प्राप्तीने हे बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबा हसले. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी चहा मागवला. तिसऱ्यांदा मात्र ते चिडले. "त्याचा नाव मी काढू? त्याचे बायकोला तोंड कसा दाखवू? तू जाशील सांगाला?"

एखाद्याला वाटेल, हे काय खूळ? खूळच होतं, पण एकट्यादुकट्याचं नव्हतं, सगळ्या भावकीने मिळून जोपासलेलं होतं. पोयनाडच्या पुढे, खाडीच्या अंगाला, चिरखार नावाचं गाव आहे. दयाराम घरतांनी, म्हणजे प्राप्तीच्या बाबांनी, तिथे ट्रेलर उभे करायला यार्ड काढलं तेव्हा त्यांची एकट्याची जमीन पुरेना. मग भावकीतल्या घराघराने आपापली खारजमीन त्यात घातली. भाडं ठरलं, वाटा ठरला आणि सगळं ठरल्यावर दयारामांचे चुलतभाऊ रावजीकाका म्हणाले, "पैशाचा झाला. मानाचा काय?" गावदेवीच्या पालखीला पुढचा खांदा कोणाचा आणि नारळ कोणी फोडायचा यावरून ज्या गावात डोकी फुटली आहेत, तिथे हा प्रश्न कोणालाच विचित्र वाटला नाही. नेमका त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर विकणारा माणूस आला होता. त्याने विचारलं, युजर किती? दयारामांनी बोटांवर घरं मोजली आणि सांगितलं, घरटी एक लॉगिन. दर लॉगिनमागे पैसे, विकणाऱ्याला देवच पावला.

तेव्हापासून कॉम्प्युटरवर नाव असणं हा मान झाला. दसऱ्याला ट्रेलरची पूजा आटोपली की ऑफिसातल्या स्क्रीनवर नावांची यादी उघडून ठेवायची आणि घरोघरच्या बायकांनी येऊन आपापल्या नावाला हळदीकुंकू लावायचं, अशी पद्धतच पडली. दोन स्क्रीन त्यापायी बाद झाल्या. यादी अक्षरांच्या क्रमाने लागते, म्हणून भावकीतल्या धाकट्या अनंताचं नाव रावजीच्या वर येतं, यावरून रावजीकाकांनी एक अख्खा पावसाळा दयारामांशी अबोला धरला. ज्यांच्या नावाने एवढं रामायण, त्यातल्या बहुतेकांनी आपलं लॉगिन एकदाही उघडलं नव्हतं. देवळात आपल्या नावाची फरशी बसवली म्हणून कोणी ती रोज जाऊन बघत नाही.

या घरटी एकात प्राप्ती कुठेच नव्हती. दयारामांच्या घरातून दोन नावं गेली, मालक म्हणून त्यांचं आणि मुलगा म्हणून विपुलचं. प्राप्ती विपुलहून मोठी, बी.कॉम. झालेली, पण तिचं लग्न त्याच वैशाखात ठरलं होतं आणि ती पलीकडच्या गावात म्हात्र्यांकडे जाणार होती. जाताजाता तिच्याकडून हक्कसोडीच्या कागदावर सही तेवढी घेतली. बापाच्या जमिनीतला तिचा हिस्सा तिने सोडला, तो यार्डात गेला आणि त्यावर आता ट्रेलर उभे राहतात.

लग्नाला महिना झाला नाही तोच बाबांचा फोन आला. विपुलला ते सॉफ्टवेअर जमत नाही, जेटीवर गाड्या अडकल्यात, जरा येऊन जा. ती आली ती आलीच. नऊ वर्षं झाली, रोज सकाळी स्कूटरवरून यायची, विपुलच्या नावाने लॉगिन करायची आणि संध्याकाळपर्यंत गेटपास काढायची. बार्जमधून, म्हणजे सपाट मालबोटीतून, उतरलेला माल कोणत्या गाडीत भरला, वजन किती, ड्रायव्हर कोण, जाणार कुठे, हे सगळं त्या गेटपासवर असतं आणि तो दाखवल्याशिवाय जेटीचं फाटक उघडत नाही. गेटपासच्या तळाशी बनवणाऱ्याचं नाव आपोआप उमटतं. ते विपुल घरत असं उमटायचं. खुद्द विपुल घरत त्या वेळी गिऱ्हाइकांकडे जेवायला गेलेला असायचा, नाहीतर क्रिकेटच्या सामन्यात बक्षिसं वाटत असायचा. गेल्या वर्षी बिनचूक गेटपासबद्दल जेटीवाल्यांनी एक ढाल दिली, ती अर्थातच विपुलला. त्याने ती गाडीच्या पुढच्या काचेत ठेवून गावभर फिरवली. प्राप्तीचा पगार किरकोळ खर्चात दाखवला जायचा.

रागवायला कारण नव्हतं असं नाही, पण राग काढायची सोय नव्हती. बोललं की आई म्हणायची, "तुझाच भाऊ हाय ना गो?" हे असं वाक्य आहे की त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

यंदा रिन्यूअल तोंडावर आलं आणि सॉफ्टवेअर कंपनीने दर एकदम असे वाढवले की दयारामांनी बिल हातात धरून चष्मा पुसला. तेव्हा प्राप्तीने आपल्या ओळखीतून रचना कारखानीसला शोधून काढलं. रचनाचा धंदाच हा. कंपन्या नको ती लायसन्सं भरत बसतात. ही बाई बाहेरून येते, कोण काय वापरतं ते तपासते, फुकटची कापते आणि सॉफ्टवेअरवाल्यांशी भांडून दर खाली आणते. वाचेल त्यातला वाटा तिचा, नाही वाचलं तर काही नाही. "वाचला तरच द्याचा" हे ऐकून दयाराम लगेच तयार झाले. प्राप्तीच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट होती. मेलेली नावं निघाली की जागा होईल, आणि त्या जागेत आपलं नाव येईल. ते मागायची वेळ आणि बोलायला एक परकं तोंड, दोन्ही तिला मिळणार होतं.

रचना मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरली. वापराच्या नोंदी तिने आधीच घरबसल्या बघून ठेवल्या होत्या. प्राप्ती तिला घ्यायला गाडी घेऊन गेली होती, वाटेत सगळं सांगायचं ठरवून गेली होती. पण मांडवा ते पोयनाड बाईचा फोन कानाचा सुटला नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला ती इतक्या गोड आवाजात झोडपत होती की प्राप्तीला मध्ये तोंड घालवेना. यार्डाच्या फाटकाशी फोन ठेवून ती म्हणाली, "उतरला दर. आता तुमच्या चौतीस जणांचं बघू."

भावकी शेडखाली जमली होती. एवढी माणसं पालखीच्या बैठकीलाही जमत नाहीत. पुढच्या खुर्चीत रावजीकाका, त्यांच्या बाजूला म्हातारी मनुबाई, मागे सगळी घरं. विपुल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाबांच्या शेजारी बसला होता. रचनाने लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "मनुबाई घरत कोण?"

मनुबाईने हात वर केला. "मी गो बाय."

"आजी, तुम्ही या सॉफ्टवेअरमध्ये काय काम करता?"

"मी? मी दसऱ्याला कुकू लावतंय."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात कोणाला काही वाटलंच नाही. रचनाने खाली बघितलं, ओठ दाबले आणि एकेक नाव घेत गेली. जो वारला होता त्याच्या नावाशी आली तेव्हा मनुबाईने हात जोडले. मग तिने सरळ सांगितलं की रोजचं काम करणारी नावं फक्त नऊ आहेत, बाकीची बंद केली तर निम्म्याहून जास्त खर्च वाचतो.

रावजीकाका उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मुळातच चढा, त्यात आज माणसं जमलेली. "बंद म्हंजे? आमची जमीन घेतली तवा नाव घातला, आता नाव पुसाचा? उद्या पालखीचा खांदा काढशाल! दयाराम, ही बाई कोन, हिना काय माहीत आमचा?"

"मला तुमचं काहीच माहीत नाही काका," रचना म्हणाली. "म्हणून तर सांगू शकते. जमीन तुम्ही यार्डाला दिली, त्या सॉफ्टवेअर कंपनीला नाही दिली. मानाचे पैसे तिला कशाला देता? नावं फाटकावर रंगवा. मोठ्या अक्षरात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी. भिंत दरवर्षी बिल पाठवत नाही."

रावजीकाकांनी फाटकाकडे मान वळवून बघितलं. मग त्यांनी विचारलं, "भिंतीवर पहिला नाव कोनाचा?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

आणि एवढ्यावर ते बसले! जी गोष्ट घरच्या माणसाने सांगितली असती तर दोन पिढ्यांचं वैर झालं असतं, ती परक्या बाईने चहा गार होण्याच्या आत उरकली. भिंत कोणत्या रंगाची, अक्षरं किती उंच, यावर लगेच वादावादी सुरू झाली. प्राप्तीला मनातून त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. ते फार काळ टिकलं नाही.

"राहिले नऊ," रचना म्हणाली. "दोन फाटकावरचे, दोन जेटीवरचे, डिझेलचे एक, गॅरेजचे एक, हिशेबाचे एक आणि मालक. आणि नववा माणूस, त्याच्याबद्दल मला वेगळं सांगायचंय. मी एवढ्या कंपन्या बघते, पण असं काम क्वचित दिसतं. रोज हजर, सुट्टी जवळजवळ नाही, चूक नाही. तुमचा निम्मा धंदा या एका माणसाच्या बोटांवर चालतोय. त्यांना वरच्या दर्जाचं लायसन्स द्या, माझा आग्रह आहे. विपुल घरत कोण?"

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. मनुबाईने जागेवरूनच बोटं मोडून दृष्ट काढली. विपुल अर्धवट उठला, छातीवर हात ठेवून जरासा वाकला आणि खाली बसला.

प्राप्ती खांबाला टेकून उभी होती. तिने विपुलकडे बघितलं. तो आता बोलेल, असं तिला खरंच वाटलं. अरे, ते काम ताईचं आहे, एवढंच. टाळ्या थांबल्या तरी तो बोलेना. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघायला लागला. मग तिने बाबांकडे बघितलं. बाबा शेडच्या पत्र्याकडे बघत होते. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं.

"विपुल," ती म्हणाली, "कालचा शेवटचा गेटपास कोणत्या गाडीचा काढलास?"

"ताई, आता नको ना."

"बरं, परवाचा सांग. नाहीतर पासवर्ड सांग. तुझ्याच नावाचा आहे."

त्याचे कान लाल झाले. "यार ताई, सगळ्यांसमोर काय हे? घरातली गोष्ट आहे."

"घरातलीच ना? मग हे सगळं घरच आहे. ऐकू दे." ती रचनाकडे वळली. "मॅडम, तुम्ही ज्याचं कौतुक केलंत तो माणूस मी आहे. पहिल्या दिवसापासून मीच आहे. हा फक्त नावाचा आहे."

रचनाचा चेहरा पडला. तिने लॅपटॉपकडे बघितलं, मग प्राप्तीकडे. "मला हे कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "सॉरी. पण मग हे जास्तच वाईट आहे. एकाच्या नावावर दुसऱ्याने काम करणं करारात बसत नाही. कंपनीने कधी तपासणी केली तर दंड लागेल, आणि आत्ता वाचवलं त्याहून जास्त जाईल. दयारामजी, या करत असतील तर यांच्या नावाने लायसन्स घ्या. एवढं सोपं आहे."

सोपं! रावजीकाका पुन्हा उठले. "तिच्या नावान? ती आता म्हात्र्यांची. आमची पंचवीस नावं काढली, आन दुसऱ्या घराचा नाव आत घालाचा? मंग भिंतीवर पन म्हात्रे लिवा!" मागून चारपाच जणांनी माना डोलावल्या.

"काका," प्राप्ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, त्याचाही तिला राग आला, "ज्या जमिनीवर तुम्ही उभे आहात त्यात माझा पण तुकडा आहे. सही करून दिलाय मी. सही घेताना मी घरत होते ना? मग नाव द्यायची वेळ आली की म्हात्रे कशी होते?"

सगळ्यांनी दयारामांकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता तो. मुलीच्या लग्नात मंडपाच्या मागे जाऊन रडला होता. पण भावकी समोर बसली की त्याचा कणा पातळ व्हायचा, आणि ते आजचं नव्हतं.

"झाला झाला," ते म्हणाले. "तिचा नाव नको, कोनाचा नाव नको. उद्यापासून विपुल सोता करल. त्याच्या नावाचा हाय, तोच करल. कराराचा पन प्रश्न मिटला. प्राप्ती, तुना पन आराम. घरी पोर हाय, सासरा हाय, किती दगदग करतेस!"

आराम! नऊ वर्षं राबवून घ्यायचं आणि घालवताना आराम म्हणायचं. तिने टेबलावरची आपली पाण्याची बाटली उचलली, विपुलसमोर जाऊन पासवर्ड कागदाच्या कपावर लिहून दिला आणि स्कूटर काढली. रचना मागून धावत आली, काहीतरी बोलत होती. प्राप्तीने थांबून ऐकलं नाही. ज्या बाईला तिने स्वतः बोलावलं होतं, तिच्याच तोंडून विपुलचं कौतुक ऐकावं लागलं होतं. त्या बाईची चूक नव्हती हे कळत असूनही त्या वेळी तिचाही राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले. पहिला फोन सदाचा. सदा म्हणजे घरतांच्या सगळ्यात जुन्या ट्रेलरचा ड्रायव्हर. "ताय, गेटपासवर माझे गाडीचा वजन दुसऱ्याच गाडीला पडलाय. फाटकावर अडवलाय."

"विपुलला सांग."

"विपुलशेटनीच केलाय ना."

"मग त्यालाच सांग, सदा."

मग विपुलचे फोन. ते तिने घेतलेच नाहीत. तांदूळ निवडत बसली आणि फोन उलटा करून ठेवला. प्रज्योत, तिचा नवरा, रात्रपाळी करून आलेला, तो चहा पिता पिता म्हणाला, "ड्रायव्हर लोकांचा काय दोष?" तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कप उचलला आणि दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. पण बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं. सदा तिकडे उन्हात उभा असेल. त्याच्या मागे बाकीच्या गाड्या. गाड्यांचे नंबर तिला न आठवता आठवत होते. या कामाचा तिला कंटाळा कधीच आला नव्हता, खरी पंचाईत तीच होती. काम आवडतं म्हणूनच तर इतकी वर्षं त्यांनी तिला दुसऱ्याच्या नावावर राबवलं.

दुपारी दारात गाडी थांबली. दयाराम उतरले, मागून विपुल लॅपटॉप घेऊन. त्याच्या पांढऱ्या शर्टाची रया गेली होती. बाबा लेकीच्या घरी सणासुदीशिवाय येत नसत. ओट्यावर टेकले आणि प्रज्योतने दिलेलं पाणी एका दमात प्यायले.

"जेटीवाले गाड्या बाहेर काढाला सांगतान," ते म्हणाले. "आज माल नाय उचलला तर काम दुसऱ्याला देतान. चल बाय, बस. आजच्या दिवस."

"विपुलच्या नावाने?"

"तुझ्या नावान घेतो. दहावा. रावजीला मी बघतो. कारखानीस बाईंना आताच सांगतो, मंग तर झाला?"

हेच तर तिला हवं होतं. काल सकाळी हे ऐकलं असतं तर तिने पेढे वाटले असते. आज ते ऐकून तिचा राग उतरला नाही. तिने स्वतःच रचनाला फोन लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला.

"माझ्या नावाने नवीन घेतलं तर जुन्या कामाचं काय?" तिने विचारलं.

"ते विपुलच्या नावावरच राहील," रचनाचा आवाज आला. "तुमचं कोरं सुरू होईल. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तुम्ही आजपासून नवीन."

"नवीन," प्राप्ती म्हणाली. "आणि जुन्याचंच नाव बदललं तर?"

"बदलता येतं. चूक दुरुस्त करायची सोय असतेच, आणि ही चूकच आहे. ते खातं तुमच्या नावाचं होईल, मागच्या सगळ्या कामासकट. विपुलना हवं तर त्यांना नवीन घ्यावं लागेल, कोरं. फक्त मालकांची परवानगी लागते. त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येतो."

विपुल ताडकन उठला. "काहीपण काय! बँकेत, जेटीवर, सगळीकडे माझं नाव आहे. लोक काय बोलतील? माझी इज्जत काय राहील ताई?"

"जेवढी होती तेवढी," प्राप्ती म्हणाली.

"बाबा, तुम्ही हे करणार नाय. ती तिच्या घरी बसली तरी चालेल, आपण माणूस ठेवू."

"ठेव ना. कालच ठेवायचा होतास." तिने लॅपटॉप ओढून मांडीवर घेतला, नाव बदलायची जागा उघडली आणि विपुलचं नाव-आडनाव पुसून तिथे 'प्राप्ती' लिहिलं. आडनावाची चौकट रिकामी होती. तिने ती तशीच ठेवली. सॉफ्टवेअरला चाललं. मग बटण दाबलं आणि दयारामांच्या खिशात मोबाईल वाजला.

त्यांनी तो काढला, लांब धरला. आकडे त्यांना दिसत होते, ते त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला.

"बाय, दुसरा काय पन माग," ते हळूच म्हणाले. "नवीन नाव घे, पगार वाढव, ढाल पन घे. यो एक नको. पोराचा नाव पुसला तर भावकीत मी काय सांगू? की माझा पोरगा काय करतच नव्हता?"

"हो," ती म्हणाली. "तेच सांगा. खरं आहे ते."

"तो भाऊ हाय गो तुझा."

हे वाक्य आलंच. आयुष्यभर याच वाक्यापुढे ती गप्प बसत आली होती. "आणि मी कोण आहे त्याची?" ती ओरडली. शेजारच्या घरातून बाई बाहेर आली, येऊ दे. "मी तुमची कोण आहे, बाबा? एकदा तरी सांगा. काल सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तुम्ही पत्रा बघत होता! पत्र्यात काय होतं एवढं बघण्यासारखं? मी नवीन नाही. मी आजपासून सुरू होत नाही. दान म्हणून दहावं नाव मला नको. जे माझं आहे त्याच्यावर माझं नाव घाला, नाहीतर गाड्या उभ्या राहू द्या. मी उठते, मला स्वयंपाक आहे."

ती खरंच उठली. लॅपटॉप ओट्यावर ठेवला. विपुल बाबांच्या तोंडाकडे बघत होता, लहानपणी खेळणं मागताना बघायचा तसा. प्राप्ती उंबऱ्यापर्यंत गेली तेव्हा मागून बाबांचा आवाज आला. ते आकडे वाचत होते. एकेक आकडा सुटा सुटा, ऐकू येईल असा.

ती वळली, बसली, आकडे घातले. विपुलने गाडीची चावी बाबांच्या पायाशी टाकली आणि चालत रस्त्याला लागला. त्याला कोणी थांबवलं नाही.

स्क्रीनवर जुन्या गेटपासची रांग उघडली. प्रत्येकाच्या तळाशी प्राप्ती. दयाराम चष्मा लावून शेजारी वाकले. तिने मुद्दामच थोडं मागे, आणखी मागे नेलं. प्राप्ती, प्राप्ती, प्राप्ती. एका तारखेवर त्यांनी बोट ठेवलं. "यो तर... तवा तू हास्पिटलात व्हतीस ना? पोरगी झाली तवा?"

"हो. दुपारी झाली. हे सकाळचे आहेत."

"आन विपुल?"

"गोव्याला होता. तुम्हीच पाठवलं होतंत."

दयारामांनी बोट काढून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याने डोळे पुसले. तिने त्यांना पुसू दिले. समजूत घालायला ती सरसावली नाही. सदाच्या गाडीचं वजन दुरुस्त करून तिने त्याचा गेटपास पाठवला आणि पुढची गाडी घेतली.

"बाय," ते म्हणाले, "गेला का आता राग?"

"नाही," प्राप्ती म्हणाली, आणि तिने त्यामागच्या गाडीचा नंबर टाकला.